लंगडा तंबोरा

"मावशी, गाणं कधी सुरू होणार?"

"सुरू झालंय."

"कुठं?" दुकानातल्या जिनेंद्र चौगुलेनं काउंटरवरचा एक स्पीकर उचलून कानाला लावला, हलवून बघितला आणि परत ठेवला. "काहीच येत नाही की ओ."

येत नव्हतं हे खरंच होतं. दोन चिमुकल्या काळ्या डब्यांमधून नुसती टेपची बारीक सुरसुर ऐकू येत होती. गाणं सुरू होण्याआधी तंबोरा वाजतो, तो या वेळी वाजत असणार, हे मला माहीत होतं म्हणून मी तसं म्हटलं. "थांबा जरा," मी त्याला म्हणाले, "असं बसल्या बसल्या लगेच गातात होय?"

मग अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज आला. स्वच्छ, धुऊन ठेवलेल्या भांड्यासारखा. पहिलाच स्वर तिनं असा काही लावला होता की काउंटरपाशी माऊसची वायर निवडत उभा असलेला एक गृहस्थ वायर हातात धरून थबकला.

"बघा!" जिनेंद्रनं टेबलावर थाप मारली. "कसला क्लिअर आवाज हाय! तुमच्या बजेटमध्ये बसतोय. करू पॅक?"

"नको. दुसरे दाखवा."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सांगलीच्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर येत होते आणि माझ्या घरातही एक आला होता, तो मात्र माझी हौस म्हणून नाही. मामेभावाचा मुलगा मकरंद बंगलोरला नोकरीला निघाला, त्याला जुना कॉम्प्युटर कुठं टाकावा हा प्रश्न पडला आणि मिरजेत एकटी राहणारी आत्या त्याला आठवली. जाताना त्यानं एक चांगलं काम केलं. अक्काच्या कॅसेटींपैकी बुरशीतून वाचलेली एकच होती, ती कॉम्प्युटरवर उतरवून तिची सीडी करून दिली. स्पीकर मात्र बरोबर घेऊन गेला. आमच्या टेपरेकॉर्डरनं अक्काच्या आधीच मान टाकली होती. त्यामुळे सीडी होती, कॉम्प्युटर होता, अक्का त्यात होती आणि मला ती ऐकू येत नव्हती.

अक्काला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली. आम्ही दोघी बहिणी, दोघींचीही लग्नं झाली नाहीत, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे भांड्याला येणारी हौसाबाई, तीही अक्कामागोमाग आपल्या लेकीकडे जयसिंगपूरला निघून गेली. दिवसभर मी कुणाशीच बोलले नाही हे संध्याकाळी दिवा लावताना लक्षात यायचं. भाजीवालीशी मी उगाच घासाघीस करायची. मेथीच्या जुडीसाठी एवढं भांडणारी बाई तिनं दुसरी पाहिली नसेल, पण तिला काय माहीत की मला मेथी नको असायची, भांडण हवं असायचं. एकटेपणाला माणूस काय काय नावं देतं, मी त्याला काटकसर म्हणत होते.

"हे बघा, ह्यात वूफर हाय," जिनेंद्र म्हणाला. त्यानं दोन डब्यांच्या जोडीला खाली ठेवायचा तिसरा, मोठा डबा आणला आणि मला काही कळायच्या आत कुठलंसं धडामधूम गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली. "कसंय?"

"माझ्या छातीत धडधडतंय."

"तेच तर! ह्याला बेस म्हणतात मावशी."

"माझी सीडी लावा."

त्यानं लावली. आता तंबोऱ्याच्या जागी नुसतं घुम घुम असं काहीतरी आलं, कुणी शेजारच्या खोलीत गादी धोपटतंय असं. आणि अक्का आडात पडून गात असल्यासारखी. मी मान हलवली.

"अहो, पण तुम्हाला नक्की ऐकायचंय काय?" तो जरा वैतागला होता, आणि त्याचं चुकलं नव्हतं. "गाणाऱ्या बाईंचा आवाज मघाशी चांगला येत होता. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता, आणि कान मात्र भलतीकडेच लावल्यागत करता."

"मागचा तंबोरा ऐकायचाय."

"तंबोरा कशाला? तो तर सगळा वेळ एकच वाजतोय."

सगळा वेळ एकच वाजणारी ती मी होते. तीस वर्षं मी अक्काच्या मागं बसून तंबोरा धरला. ती गायची घरी, ओळखीच्यांकडे, कधी एखाद्या देवळात. मोठी गायिका झाली नाही, पण तिचा सूर जाणकार कान टवकारून ऐकायचे. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची कमी नाही, त्यातले एक कारागीर तर फक्त तिचा षड्ज ऐकायला यायचे आणि गाणं पुढं सरकलं की उठून जायचे. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. बघूही नये, ती रीतच आहे. तंबोरेवाल्यानं मागं बसावं, डोळे गाणाऱ्याच्या पाठीवर ठेवावेत आणि गाणाऱ्यानं हात वर केल्याशिवाय थांबू नये. अक्का मागं वळून न बघता उजवा हात खांद्यापर्यंत उचलायची. तो हात उचलायच्या आत मी एकदा थांबले होते, बोट सोललं म्हणून. तिनं मला जे सुनावलं ते हौसाबाईनं पुढं वर्षभर गल्लीत करून दाखवलं.

आणि माझा तंबोरा लंगडायचा. हे तिचंच म्हणणं. पहिली तार मधल्या बोटानं छेडायची असते आणि माझं ते बोट लहानपणी दारात सापडून वाकडं झालेलं. त्यामुळे बाकीच्या तिन्ही तारा सरळ चालायच्या आणि पहिलीपाशी येऊन तंबोरा किंचित पाय ओढायचा. दार अक्कानंच लावलं होतं, पण तो विषय आमच्या घरात काढायचा नसे.

एका वर्षी तिला पुण्यात चार महिने शिकवायला बोलावलं. मला रजा मिळाली नाही. ती एकटीच गेली. परत आली त्या दिवशी मी तिच्या आवडीची कटाची आमटी केली होती आणि जेवताना न राहवून विचारलं, "तिकडं तंबोऱ्याचं काय केलंस गं?"

"ती विजेवरची पेटी होती की. बटण दाबलं की वाजते."

"म्हणजे अडलं नाही तुझं काही."

"छे, काय अडायचंय? ती लंगडत तरी नाही," अक्का म्हणाली आणि आमटी वाढून घ्यायला लागली.

ती हे गमतीनं म्हणाली असेल. पण मला ते लागलं, आणि लागलं ते असं की ती गेली तरी निघालं नाही. तीस वर्षं मी जिथं बसले तिथं एक बटण बसू शकत होतं. आता तिचा आवाज एका चकतीवर होता आणि तो ऐकताना मला एवढंच बघायचं होतं, की त्या आवाजाच्या मागं कुणी आहे की ती एकटीच गातेय. ज्या स्पीकरमधून मी ऐकू येणार नव्हते ते घेऊन मी करणार काय होते? पैसे थोडे होते आणि पुन्हा पुन्हा असली खरेदी होणार नव्हती.

जिनेंद्रनं आणखी एक जोडी लावली. पुन्हा अक्का स्वच्छ, पुन्हा मागं कुणी नाही. तेवढ्यात त्याला काही तरी दिसलं.

"ह्यात दुसरा पण ट्रॅक हाय."

"नाही, एकच आहे. राग पूरिया."

"हाय की. हे बघा." त्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून घर्र्र असा एक सपाट आवाज यायला लागला. त्यानं कपाळाला आठी घातली, पिन काढून घातली, वायर हलवली, प्लग उपसून दुसऱ्या भोकात खुपसला. घरघर तशीच. "अर्थिंगचा लोचा वाटतोय," असं म्हणून त्यानं जोडीच बदलली. तरी घरघर. "तुमच्या भाच्यानं रिकामी टेप भरलीय मावशी. नुसती घरघर हाय," तो म्हणाला आणि त्यानं ती बंद केली.

मीही म्हटलं, असेल. मकरंदला गाण्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं कॅसेटच्या दोन्ही बाजू न ऐकताच उतरवल्या असणार.

"एक काम करू," जिनेंद्र म्हणाला. त्याला आता माझी दया आली होती की हट्ट चढला होता कोण जाणे. त्यानं मागच्या फळीवरून दोन लाकडी खोकी खाली घेतली, त्यांच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. "हे तुमच्या बजेटच्या लय बाहेर हायत, आधीच सांगतो. पण ऐका तर. ऐकायला काय पैसे पडतात?"

सीडी पहिल्यापासून सुरू झाली.

आणि दुकानात तंबोरा वाजायला लागला. खालची जाड तार, खर्जाची, जमिनीतून यावी तशी आली, मग जराशी वाट बघायला लावून पहिली, तिच्यामागून जोडाच्या, एकाच सुरातल्या, दोन. मग पुन्हा खर्ज. अक्काचा आवाज आला तो हवेत लोंबकळत नव्हता, त्या आवाजावर बसून आला. मी स्टूल ओढून बसले. मी होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही आवर्तन न चुकवता मी तिच्या मागं होते.

जिनेंद्र काहीतरी बोलणार होता, पण खालून कुणीतरी हाक मारली. प्रिंटरची खोकी घेऊन टेम्पो आला होता. "आलोच," म्हणून तो जिना उतरून गेला. अक्का गात राहिली, पूरिया संपला, टेपची सुरसुर झाली आणि कुणी बंद न केल्यामुळे दुसरा ट्रॅक सुरू झाला.

ती घरघर नव्हती. तो तंबोराच होता, एकटा. त्याच्यावर गाणं नव्हतं, नुसता तंबोरा चालला होता, आणि चार तारांतली एक पाय ओढत होती.

मला काही कळेना. हे आम्ही कधी भरलं? माझा नुसता तंबोरा कोण कशाला भरेल? मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी माजघरात बसून तंबोरा लावायची. लागला की थोडा वेळ डोळे मिटून, त्याच्या गळ्याला कान टेकून तशीच वाजवत बसायची. दिवसातला तेवढाच वेळ तंबोरा माझ्या एकटीचा असे. त्या वेळी अक्का कुठं असायची हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता टेपमध्ये मागं नळाचं पाणी पडत होतं, भांडी वाजत होती. बांगड्यांचा आवाज आला आणि अगदी जवळ हौसाबाई बोलली, "काय करतायसा वो अक्का, उंबऱ्यात बसून?"

"श्श! हळू बोल." अक्काची कुजबुज थेट माझ्या कानापाशी. "भरून घेतेय. पुण्याला न्यायचाय."

"तितं पेटी हाय म्हनला न्हवं?"

"पेटीवर नाही गाता येत मला. सवय नाही." थोडा वेळ नुसता तंबोरा. मग, "आणि तिला बोलू नकोस हां काही. डोक्यावर चढून बसेल."

हौसाबाई तोंडावर पदर धरून हसली असणार, तसा दबका आवाज आला. माजघरातली मी काही न कळता वाजवतच होते.

मला रडू फुटलं, आणि रागही असा आला की ती समोर असती तर मी तिच्या पुढ्यातून आमटीचं पातेलं उचलून ठेवलं असतं. एवढी वर्षं! एका वाक्यानं काम झालं असतं, आणि ते वाक्य तिनं भांडीवालीला सांगितलं, टेपला सांगितलं, मला सांगितलं नाही. मी डोक्यावर चढून बसले असते तर काय बिघडलं असतं? तीस वर्षं मागं बसलेच होते ना.

"मावशी?" जिनेंद्र जिन्याच्या तोंडाशी उभा होता. "काय झालं? पाणी देऊ का?"

"नको."

त्यानं दोन क्षण कान दिला. "कोण बोलतंय हे?"

"माझी बहीण."

"गाणाऱ्या त्याच का? मग ती मागची घरघर..."

"ती घरघर म्हणजे मी."

सीडी संपेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत राहिलो. मग तो घसा साफ करून म्हणाला, "ह्या मोठ्या जोडीला एक कोपरा जरा चेपलाय. मी कमी करून देतो. उरलेले पुढच्या महिन्यात द्या, त्याच्या पुढच्या द्या. मिरजेच्याच तुम्ही, कुठं पळून जाताय?"

"नको. ते पहिले लहान द्या."

"पहिले?" त्याला वाटलं मी संकोच करतेय. "अहो, त्यात तुमचा तंबोरा येत नाही! अजिबात येत नाही. मी खोटं बोलून माल विकणार नाही तुम्हाला."

"नक्की येत नाही ना?"

"नाही ओ. एवढ्याशा डब्यात खालचा आवाज येतच नाही."

"मग तेच बांधा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू रडून रडून हिचं काहीतरी बिनसलंय. तरी त्यानं खोकं आणलं, वर एक वायर फुकट घातली आणि स्टँडपर्यंत स्वतः पिशवी घेऊन आला. एसटीत मला खिडकी मिळाली, पिशवी मी मांडीवर धरली होती.

घरी आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पूरियाची हीच वेळ. मी चहाही टाकला नाही. स्पीकर टेबलावर दोन बाजूंना ठेवले, वायर जोडली, आणि मग कोपऱ्यात दीड वर्ष उभा असलेला तंबोरा घेतला. त्याची गवसणी काढताना धुळीनं शिंका आल्या. पहिली तार खुंटी पिळताच तुटली. अक्काच्या डब्यात नवी तार होती, ती चढवली. सीडी लावून, तिचा षड्ज ऐकून, तिच्यापाशी तारा आणून ठेवल्या. उतरवताना टेपचा सूर जरासा वर चढला होता, म्हणून मीही वर गेले. पूरियात पंचम नसतो, त्यामुळे पहिली तार निषादाला लावायची. एवढं सगळं हातांना आठवत होतं.

मग सीडी पहिल्यापासून लावली आणि टेबलाच्या मागं, म्हणजे स्पीकरच्या पाठीकडे, जमिनीवर जाऊन बसले. तिच्या पुढं बसून कसं वाजवणार? त्या दोन डब्यांत खर्ज नव्हता, जोड नव्हते, काही नव्हतं. ते सगळं माझ्याकडे होतं. मी छेडायला सुरुवात केली. अक्का आली आणि माझ्या तंबोऱ्यावर तिनं स्वर ठेवला.

ती गात होती तोवर घर भरलं होतं. तिनं घेतलेली प्रत्येक जागा मला पाठ होती, तरी एका ठिकाणी, ती निषादावरून खाली येते तिथं, माझ्या तोंडून "वा" गेलं. जिवंतपणी मी तिला कधी दाद दिली नव्हती. मागं बसणाऱ्यानं द्यायची नसते.

पूरिया संपला. सुरसुर आली, मग ती घरघर आली, मग कुजबुज. "डोक्यावर चढून बसेल." मी हसले. सीडी गरागरा फिरून थांबली आणि मी वाजवत राहिले, कारण हात अजून वर झाला नव्हता. समोर दोन काळ्या डब्यांच्या पाठी होत्या. खिडकीतला उजेड गेला, दिव्याचं बटण हाताशी नव्हतं, बोट सोलायला लागलं. आणखी थोडं वाजवलं. मग मी आपणहून थांबले.

आणि तारा विझेपर्यंत, तंबोरा तसाच धरून, कुणीतरी ओरडेल म्हणून वाट बघत बसले.

कुणी ओरडलं नाही.